रुग्ण, औषध आणि मधले अंतर

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, जेथे महाराष्ट्राची सरहद्द संपून बालाघाट जिल्ह्याचा मुलूख सुरू होतो, तेथे तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या सडकेवर नाकाडोंगरी हे गाव वसले आहे. भोवती साग-मोहाचे रान, सखल भागात धानाच्या बांध्या, जवळच बावनथडीचे खोरे आणि डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी, असा हा प्रदेश. अशा गावी मध्यरात्री जमिनीवर निजलेल्या एखाद्या मजुराला मण्यार डसली, किंवा चाळिशीतल्या धडधाकट शेतकऱ्याला आयुष्यात प्रथमच मिरगीचा झटका आला, तर पुढील काही तासांत त्याचे काय होणार हे ज्या कारणांवर अवलंबून असते, त्यांविषयी वैद्यकाने गेल्या अर्धशतकात जे शोधून काढले त्याचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

या संशोधनाच्या दोन शाखा परस्परांपासून फार दूर आहेत असे मानण्याचा प्रघात आहे. रुग्णाला वेळेत उपचारापर्यंत नेणे ही एक, आणि मेंदूतील गाठीपर्यंत औषध नेणे ही दुसरी. पहिलीचा विचार आरोग्य प्रशासनाचे अधिकारी करतात, दुसरीचा रसायनशास्त्रज्ञ व मेंदूचे शल्यचिकित्सक करतात. दोघांच्या परिषदा निराळ्या, नियतकालिके निराळी आणि अनुदानेही निराळी. तथापि नाकाडोंगरीच्या बाजूने पाहिले असता दोन्ही शाखा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि तो प्रश्न असा की, औषध ठाऊक असूनही ते जेथे हवे तेथे आणि हवे तेव्हा का पोहोचत नाही? माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत वैद्यकाची खरी उणीव नव्या औषधांच्या शोधात जितकी राहिली, तितकीच किंबहुना त्याहून अधिक ती या पोहोचण्याच्या शास्त्रात राहिली आहे.

प्रथम वाटेचा विचार करू. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली तेव्हा ग्रामीण भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया घातला गेला. पुढे सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येला आणि डोंगराळ व आदिवासी मुलखात वीस हजारांना एक केंद्र हे प्रमाण ठरले. हा हिशेब माणसांच्या डोक्यांचा आहे, वाटेला लागणाऱ्या वेळेचा नाही. आणि ज्या मुलखात वस्ती विरळ, रान दाट व पावसाळ्यात ओढे भरलेले, तेथे कागदावरचे प्रमाण जुळूनही माणूस केंद्रापासून दूरच राहतो. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन संशोधक स्त्रियांनी मातामृत्यूंचा अभ्यास करताना विलंबाचे तीन प्रकार सांगितले : मदत मागावी असे ठरविण्यातला विलंब, दवाखान्यापर्यंत जाण्यातला विलंब, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. हे त्रिविध विवेचन बाळंतपणापुरते राहिले नाही. सर्पदंश, अपघात, पक्षाघात, हृदयविकार या सर्वांना ते लागू पडते, आणि त्यांतील तिसरा विलंब हा आपल्याकडे सर्वांत कमी मोजला गेलेला आहे.

महाराष्ट्रात २०१४ च्या आरंभी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सामग्रीच्या आणि ७०४ मूलभूत सामग्रीच्या, आणि गाडीत डॉक्टर असावा ही तरतूद. देशातल्या अनेक प्रांतांत प्रशिक्षित सहायकावर काम भागविले जात असताना डॉक्टर ठेवण्याचा हा निर्णय उल्लेखनीय होता. राज्याच्या क्षेत्रफळाशी गुणोत्तर मांडले तर सरासरीने सुमारे ३३० चौरस किलोमीटरला एक गाडी पडते. मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीचा वाटा वजा करता सरहद्दीच्या तालुक्यांना काय उरते याचा अंदाज वाचकाने करावा. अर्थात ही सेवा नसती तर काय झाले असते, हाही विचार न्यायाने केला पाहिजे. खाटेवर किंवा बैलगाडीत घालून नेलेल्या रुग्णांच्या आठवणी झाडीपट्टीतल्या वृद्धांजवळ आजही आहेत.

परंतु गाडीची गती हेच सर्वस्व, ही समजूत संशोधनाने तितकीशी पक्की ठेवलेली नाही. जखम झाल्यानंतरचा पहिला तासच निर्णायक, ही 'सुवर्ण तासा'ची कल्पना बाल्टिमोरच्या काउली या शल्यचिकित्सकाने रूढ केली. आपल्या वृत्तपत्रांतही ती नित्य वाचावयास मिळते. २०१० साली उत्तर अमेरिकेतील ३,६५६ गंभीर जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीने घेतलेला वेळ आणि मृत्यू यांचा सरळ संबंध त्यात आढळला नाही. कॅनडातील मोठ्या अभ्यासात तर रुग्णवाहिकेत प्रगत उपचारांची भर घातल्याने हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या जगण्यात सुधारणा झाली नाही. लवकर छातीदाब देणे आणि विजेचा धक्का देणे यांचेच महत्त्व सिद्ध झाले. या निष्कर्षांचा अर्थ वेळ निरर्थक आहे असा मुळीच नव्हे. ज्या देशांत सडका उत्तम आणि सर्व प्रवास अर्ध्या तासात आटोपतो, तेथे पाच-दहा मिनिटांचा फरक दिसून येत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. तुमसर, भंडारा आणि मग नागपूर अशा टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या रुग्णाचा विलंब तासांत मोजावा लागतो, आणि त्याच्यासाठी परदेशी आकडे जसेच्या तसे उचलणे हा शास्त्राचा अवमान ठरेल.

आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा दाखला उत्तर इराक आणि कंबोडिया येथला आहे. भूसुरुंगांनी जखमी होणाऱ्यांसाठी तेथे खेड्यातल्या सामान्य माणसांना रक्तस्राव थांबविणे, श्वासमार्ग मोकळा राखणे आणि शरीर उबदार ठेवणे एवढे शिकविण्यात आले. पाच वर्षांत जखमींच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हेच तत्त्व नवजात अर्भकांच्या बाबतीत सिद्ध केले. खेड्यातल्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरीच अर्भकाची काळजी घेतली, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून इंजेक्शनेही दिली, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे नवजात अर्भकांच्या मृत्यूत ६२ टक्क्यांची घट झाली. भंडाऱ्याच्या शेजारच्या जिल्ह्यात, त्याच झाडीमुलखात हे घडले, याचे महत्त्व विदर्भाला अजून पुरते उमगलेले नाही असे मला वाटते.

कोकणात महाडजवळ डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे काम केले तेही याच कोटीतले. लाल विंचवाच्या विषाने हृदय व फुप्फुसे निकामी होऊन रुग्ण दगावतात हे निरीक्षणाने ठरवून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यासाठी वापरले, आणि १९८६ साली त्याचा वृत्तांत 'लॅन्सेट' ने छापला. जेथे पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस मरत असत, तेथे ते प्रमाण नगण्य झाले. या शोधाचे मर्म असे की औषध आधीपासूनच बाजारात होते, गोळीच्या रूपात होते, आणि तोंडाने घ्यावयाचे असल्यामुळे अगदी लहान दवाखान्यातही देता येत होते. शोधकाची प्रयोगशाळा म्हणजे रुग्णाची खाट, आणि ती खाट रुग्णाच्या गावापासून फार लांब नव्हती.

सर्पदंशाची गोष्ट याहून दुःखद आहे. दशलक्ष मृत्यूंच्या राष्ट्रीय अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वीस वर्षांत सुमारे १२ लाख. आणि याच अभ्यासाच्या आधीच्या भागात असे दिसले होते की तीन-चतुर्थांशांहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणारे स्त्री-पुरुष आणि पावसाळी रात्री जमिनीवर निजणारी मुले हेच बहुधा बळी. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि सूर्योदयापर्यंत श्वासाचे स्नायू थकतात. प्रतिविषाची कुपी येथे अवश्य हवी. ती कोरड्या भुकटीच्या रूपात असल्याने शीतपेटीवाचूनही टिकते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ती पिढ्यान्‌पिढ्या तयार केली. पण मज्जातंतूंची टोके एकदा विषाने जखडली की प्रतिविष फारसे काही करू शकत नाही, आणि माणूस जगतो तो कोणीतरी हाताने दाबायच्या पिशवीने त्याला तासन्‌तास श्वास देत राहते म्हणून. ती पिशवी महाग नाही. ती दाबणारा, न घाबरणारा, शिकलेला हात हेच खरे उपकरण. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशमृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. तिची अंमलबजावणी या हातावरच ठरेल.

पोहोचणे म्हणजे सुखरूप होणे नव्हे, याचा अत्यंत क्लेशकारक दाखला खुद्द भंडाऱ्याने दिला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके प्राणास मुकली. त्यांना मातांनी व कुटुंबीयांनी योग्य स्थळी, योग्य वेळी आणले होते. तिसऱ्या विलंबाच्या संशोधनात इमारत, वीज, मनुष्यबळ आणि रात्रपाळी यांचाही अंतर्भाव झाला पाहिजे, हे त्या पहाटेनंतर कोणी वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या चाळिशीतल्या शेतकऱ्याकडे वळू, कारण दोन्ही शाखांची गाठ त्याच्या झटक्यात पडते. मेंदूतील गाठ पुष्कळदा प्रथम प्रकट होते ती आकस्मिक रोगाच्या वेषात : झटका, पहाटेची डोकेदुखी व ओकारी, एका बाजूचा अशक्तपणा. आपल्या देशात अशा झटक्यामागे पट्टकृमीची अळी किंवा क्षयाची गाठ असण्याचा संभवही मोठा असतो, आणि ती औषधांनी बरी होते. म्हणून तपासणीवाचून निदान करणे जितके घातक, तितकेच तपासणीवाचून धीर सोडणेही. झटका थांबत नसेल तर तो पहिल्या काही मिनिटांत थांबविणे हे मेंदू वाचविण्याचे पहिले काम. २०१२ साली अमेरिकेतील रुग्णवाहिकांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत शिरेतून दिलेल्या लोराझेपामने ६३ टक्के रुग्णांचे झटके दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी थांबले, तर मांडीच्या स्नायूत टोचलेल्या मिडॅझोलामने ७३ टक्क्यांचे. तडफडणाऱ्या माणसाची शीर शोधण्यात जो वेळ जातो तो स्नायूत टोचल्याने वाचतो. आणि हे औषध स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्यामुळे रक्तातून मेंदूत विनासायास शिरते. वाटेवरचा विलंब आणि मेंदूच्या दारावरचा अडसर, या दोहोंवर एकाच सुईने मात केल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

मेंदूच्या त्या दाराचा इतिहास रोचक आहे. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले असता सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूला त्या रंगाची आवड नसावी असा त्यांचा तर्क होता. त्यांचेच शिष्य गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला तेव्हा मेंदू रंगला आणि शरीर कोरे राहिले. तेव्हा मधे काहीतरी आड आहे हे सिद्ध झाले. ते आड नेमके कोठे, हे १९६७ साली रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखविले : मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून वाट उरत नाही. शिवाय जे रेणू पेशीतून घुसू पाहतात त्यांपैकी अनेकांना बाहेर फेकणारे पंप त्या पेशींवर बसविलेले असतात. मानवी मेंदूतील केशवाहिन्या सरळ रेषेत मांडल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतील, आणि कोणतीही मज्जापेशी जवळच्या केशवाहिनीपासून एका केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर असते. तुमसर तालुक्यात अंतर फार आणि दार उघडे. मेंदूत अंतर शून्यवत आणि दार बंद. लहान रेणूंच्या औषधांपैकी जवळजवळ सर्वच या दाराशी अडतात.

येथे नाकाडोंगरीशी निगडित असे एक उपकथन आठवते. त्या परिसराला शतकाहून अधिक काळ रोजगार देणारे मँगनीज हे या दारातून आत जाणाऱ्या मोजक्या धातूंपैकी आहे. शरीराला त्याची सूक्ष्म गरज असल्यामुळे मेंदूने त्याच्यासाठी वाहतुकीची सोय ठेवलेली आहे. मात्र धुळीतून ते अतिरिक्त गेले तर मेंदूच्या खोल केंद्रांत साचून हालचालींचा विकार जडतो. ग्लासगोच्या कामगारांत जेम्स कूपर यांनी १८३७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. विषाला मिळालेला हा परवाना औषधाला मिळवून देण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ झटत आहेत. पोषक द्रव्यांच्या वाहकांवर औषध बसवून आत पाठविण्याची एक संपूर्ण शाखाच त्यातून निर्माण झाली आहे.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतील सर्वांत घातक गाठ. तिची अडचण अशी की तिच्या मध्यभागी हा अडसर फाटलेला असतो, म्हणून तेथे औषधही शिरते आणि चित्रणातील रंगद्रव्यही चमकते. परंतु कडेला पसरलेल्या, निरोगी मेंदूत मिसळून गेलेल्या पेशी शाबूत अडसरामागे सुरक्षित असतात. १९२८ साली वॉल्टर डँडी यांनी अशा रुग्णांचा उजवा अर्धा मेंदू काढून टाकूनही रोग उलटल्याचे नमूद आहे. सुरीने न सुटणारे कोडे औषधानेच सुटावयाचे होते, आणि ते अंशतः सुटले २००५ मध्ये. ५७३ रुग्णांच्या चाचणीत स्टुप आणि सहकाऱ्यांनी किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड दिले, तेव्हा मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले आणि दोन वर्षे जगणारांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर. अडीच महिने ही वाढ अल्प वाटेल. पण हे औषध लहान रेणूचे, अडसर ओलांडणारे आणि कॅप्सूलच्या रूपात घरी घेता येणारे आहे. ते देशात तयार होते. ज्या औषधाने मेंदूचे दार ओलांडले तेच नाकाडोंगरीची वाटही ओलांडू शकते, हा योगायोग नव्हे. साधेपणा दोन्हीकडे उपयोगी पडतो.

त्यानंतरच्या प्रयत्नांचा पल्ला मोठा आहे, यश मर्यादित. शस्त्रक्रियेच्या पोकळीत औषधाच्या विरघळणाऱ्या चकत्या ठेवण्याने आयुर्मान ११.६ वरून १३.९ महिन्यांवर गेले. सूक्ष्म नळीतून दाबाने औषध मेंदूत झिरपविण्याची युक्ती १९९४ मध्ये मांडली गेली, मोठी आशा निर्माण झाली, आणि २०१० च्या मोठ्या चाचणीत ती चकत्यांहून सरस ठरली नाही. मॅनिटॉल हे साखरेसारखे द्रव्य, जे फुगलेल्या मेंदूतील पाणी ओढून घेण्यासाठी आकस्मिक उपचारात नित्य वापरले जाते आणि थंडीत ज्याच्या बाटलीत स्फटिक झाल्यामुळे परिचारिकेला ती गरम पाण्यात ठेवावी लागते, तेच मानेच्या धमनीतून जोराने सोडल्यास केशवाहिन्यांच्या पेशी आक्रसतात आणि दार काही काळ किलकिले होते. श्राव्यातीत ध्वनिलहरींचा मार्ग अलीकडचा. रक्तात सोडलेले सूक्ष्म बुडबुडे त्या लहरींनी कंप पावतात आणि अडसर तात्पुरता उघडतो. २०२३ साली शिकागोच्या वैद्यकांनी १७ रुग्णांत कवटीत बसविलेल्या यंत्राने तो उघडून मेंदूतील औषधाचे प्रमाण सुमारे चार ते सहापट वाढविले, आणि तासाभरात तो बव्हंशी पुन्हा मिटतो हेही दाखविले. २०२४ मध्ये बॉस्टनला तीन रुग्णांच्या मेंदूतील पोकळीत सुधारित प्रतिकारपेशी सोडल्या असता गाठी काही दिवसांत आक्रसल्या, पण दोघांत त्या लवकरच परतल्या. त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेल्या अशाच पेशींचा उपचार राष्ट्रपतींच्या हस्ते देशाला अर्पण झाला. तो रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, मेंदूसाठी नाही. मंद वाढणाऱ्या एका जातीच्या गाठींसाठी मात्र व्होरासिडेनिब या, मुद्दाम मेंदूत शिरेल असे घडविलेल्या गोळीने २०२३ च्या चाचणीत रोग पुढे सरकण्याचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांपर्यंत लांबविला. पुन्हा गोळीच.

या सर्व चाचण्यांचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. त्यांत गाठीच्या जनुकांचा तपशील असतो, रुग्णाच्या घरापासून केंद्रापर्यंतच्या अंतराचा क्वचितच असतो. किरणोपचाराचा रूढ क्रम सहा आठवड्यांचा, तीस मात्रांचा आहे. नाकाडोंगरीच्या कुटुंबाला त्यासाठी नागपुरात बिऱ्हाड करावे लागते, आणि ते दिवस रोवणीचे किंवा कापणीचे असतील तर वर्षाचे पीक बुडते. म्हणून या विषयातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा निबंध ध्वनिलहरींचा नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वृद्ध व दुर्बल रुग्णांना तीन आठवड्यांत पंधरा मात्रा देण्याऐवजी एका आठवड्यात पाच दिल्या, आणि आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन आठवडे वाचले, आणि ज्याच्या हाती थोडेच महिने आहेत त्याला ते घरी घालविता आले. अशी संशोधने महाराष्ट्रात होऊ शकतात. टाटा रुग्णालयाने मुला-तरुणांच्या मेंदूतील गाठींवर नेमक्या किरणोपचाराची २०० रुग्णांची चाचणी वर्षानुवर्षे चालवून २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष जगापुढे ठेवले आहेत.

नागपुरात आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे आणि मिहानमध्ये एम्स आहे; महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेने उपचाराच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका केला आहे. तेव्हा यापुढे उणीव राहते ती मधल्या वाटेची. या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंध लिहावे लागतात; त्यांपैकी काहींनी तरी पूर्व विदर्भातील रुग्णाचा पहिला झटका आणि पहिला स्कॅन यांमधील काळ गाववार नोंदवावा, तो कोणत्या विलंबामुळे वाढला हे तपासावे, आणि सरहद्दीवरील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिडॅझोलामची कुपी, श्वास देण्याची पिशवी व ती वापरू शकणारा माणूस रात्रपाळीला आहे की नाही याची पाहणी करावी, अशी माझी त्यांच्या मार्गदर्शकांना आग्रहाची विनंती आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने त्या पाहणीला मोकळेपणाने दप्तर उघडून द्यावे. आणि वाचकांना एवढेच सांगणे की, साप डसल्यास मांत्रिकाकडे एक क्षणही न दवडता १०८ ला दूरध्वनी करावा, आणि प्रौढ माणसाला आयुष्यात प्रथमच झटका आला तर तो ओसरला म्हणून निश्चिंत न होता त्याच आठवड्यात मेंदूचे चित्रण करवून घ्यावे.